अप्पा अस्वलाशी काय बोलले

६ मे

ताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्राला उचलावं लागत नाही, ते आपलं येऊन दारात पडतं. न वाचता फाडलंस तरी मला कळणार नाही, आणि तेच बरं.

अप्पांना त्या वृद्धाश्रमात ठेवून आज पंधरा दिवस झाले. तू म्हणालीस, "माझ्या वडलांना टाकून आलास. आजपासून मला भाऊ नाही." मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. तू ठेवला नसतास तरी मला काही सुचणार नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आता सुचतंय ते सांगतो. जागा चांगली आहे. डोंगरापलीकडे, गाडीने साडेचार तास. जवळची दोन ठिकाणं मी पाहिली होती, पण उठून चालू लागणारा माणूस त्यांना नको होता. इथे दारांना आकड्यांची कुलपं आहेत, मागे बाग आहे, बागेला छातीएवढी भिंत. खोलीत दोन पलंग. दुसऱ्या पलंगावर एक म्हातारा खलाशी असतो, तो अजिबात बोलत नाही. अप्पा त्याच्या वाटचंही बोलतात.

तू दोन वर्षांत आली नाहीस, त्यामुळे तुझ्या डोळ्यांसमोर अजून ते जुने अप्पा असणार, खुर्चीत बसून पेपरातल्या चुकांखाली रेघा मारणारे. इकडे आमच्या घरी ते रोज पहाटे दाराशी बूट घालून उभे राहायचे. प्रेसला उशीर होतोय म्हणायचे. प्रेस बंद होऊन अठरा वर्षं झाली, हे मी रोज सांगायचो आणि रोज त्यांना नव्याने धक्का बसायचा. शेवटी सांगणं सोडून दिलं. "आज सुट्टी आहे अप्पा," म्हणायचो. मग ते बूट काढायचे.

मार्चमध्ये ही जिन्यावरून पडली. मनगट मोडलं. डाव्या हाताने स्वयंपाक, अप्पांचे कपडे, अप्पांची अंघोळ, हे होईना. माझं काम तुला माहीत आहे. कुठे लिफ्ट अडकली की फोन येतो आणि उठून जावं लागतं. आत माणूस असतो. आमच्याच्याने होईना, ताई. एवढंच कारण आहे. दुसरं काही नाही.

तू ठेवलेल्या नावानेच सही करतो.

भोंग्या


२४ मे

ताई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. आज जरा गमतीचं लिहितो. अप्पांना सोडायला गेलो त्या दिवशी आम्हाला अस्वल भेटलं.

थट्टा नाही. खरंखुरं अस्वल.

वर्कशॉपची व्हॅन मागून घेतली होती. मागे सगळी हत्यारं, तारेची वेटोळी, ग्रीसचा डबा. पुढे मी आणि अप्पा. मी त्यांना सांगितलं होतं की तुझ्याकडे चाललोय. रागावू नकोस. तुझं नाव घेतलं की ते लगेच तयार होतात, स्वेटरसुद्धा भांडण न करता घालतात. वाटेत दिसेल ती पाटी मोठ्याने वाचत होते. घाट सुरू झाल्यावर एक पाटी आली, "पुढे धोक्याचे वळन". झालं. अप्पांनी खिशातून लाल पेन काढलं आणि म्हणाले, "गाडी थांबव." मी म्हटलं, "अप्पा, ती लोखंडाची पाटी आहे." तर म्हणतात, "म्हणून काय चूक तशीच ठेवायची?"

पुढे धुकं लागलं. नऊ वाजले असतील सकाळचे, पण दिवे लावून चालवत होतो. एका वळणावर अप्पा अस्वस्थ झाले. गाडी कडेला घेईपर्यंत त्यांची पँट भिजली होती. मी त्यांना उतरवलं, दाराला धरून उभं केलं आणि दुसरी पँट काढायला मागे गेलो. पिशवी तारांच्या वेटोळ्याखाली गेलेली. ती ओढून काढली, वळलो, तर अप्पा जागेवर नाहीत. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे. आणि त्यांच्यासमोर धुक्यातून आलेलं अस्वल. काळं, ओलं, आपल्या जुन्या कपाटाएवढं रुंद.

मी बोंब मारली, धावत गेलो आणि अप्पांना दंडाला धरून मागे ओढलं. अस्वल बिचकलं आणि दरीकडे उतरून गेलं. अप्पा माझ्यावरच चिडले. म्हणाले, "माणसाने जरा रीत पाळावी." नंतर सगळा वेळ मजेत होते. तिथल्या मुख्य सिस्टर सांगत होत्या की अप्पा येईल त्याला ही गोष्ट सांगतात. काल काय जेवले ते आठवत नाही, अस्वल मात्र पक्कं बसलंय.

तू लहानपणी मला अस्वलाचं सोंग करून घाबरवायचीस, ते आठवलं.

भोंग्या


१० जुलै

ताई,

तुझं कार्ड मिळालं. अडीच महिन्यांनी एक कार्ड, त्यावर दोन ओळी. "अप्पांना भेटून आले. ते म्हणतात तू धावला नाहीस, पँट हातात धरून नुसता उभा होतास. खरं काय ते लिही."

सिस्टरांनी मला सांगितलं होतं की तू येऊन गेलीस. दोन तास बसलीस आणि त्यांची नखं कापलीस म्हणे. बरं केलंस. मी पुढच्या रविवारी गेलो तेव्हा मला ती नखं दाखवली, पण कुणी कापली ते त्यांना सांगता येईना.

आता तूच विचार कर. ज्या माणसाला स्वतःच्या मुलीने नखं कापली हे आठवड्याने आठवत नाही, त्याच्या सांगण्यावरून तू माझी उलटतपासणी घेणार? मी धावलो होतो. लिहिलंय ना तसं.

आणि खरं काय ते हवंच असेल तर हे ऐक. ही जिन्यावरून पडली नाही. अप्पांनी तिला ढकललं. दुपारची वेळ होती, ती वाळलेले कपडे घेऊन वर येत होती. अप्पा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांना वाटलं कोणी परकी बाई घरातलं सामान घेऊन चाललीय. "चोर" म्हणून ओरडले आणि दोन्ही हातांनी ढकललं. नऊ पायऱ्या. मी घरी आलो तेव्हा ती खाली बसून होती, आणि अप्पा तिच्या डोक्यावर हात फिरवत विचारत होते, "कुणी केलं गं हे?"

हॉस्पिटलात जाताना हिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. म्हणाली, "ताईंना हे कळू देऊ नका. त्यांच्या मनात त्यांचे वडील जसे आहेत तसे राहू देत." चार महिने मी तोंड बंद ठेवलं. आज तुझं कार्ड वाचून उघडलं. ही बाजूच्या खोलीत आहे. मी काय लिहितोय हे तिला माहीत नाही, आणि कळलं तर चार दिवस माझ्याशी बोलणार नाही.

तू टाकून आलास म्हणालीस ना. आता सांग, मी काय करायचं होतं?

या वेळी सही करत नाही.


१८ सप्टेंबर

ताई,

अप्पांना जाऊन आज नऊ दिवस झाले. तू आलीस, सगळं होईपर्यंत थांबलीस, आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. गर्दीतून मी तुला शोधत होतो आणि तू दर वेळी दुसऱ्या टोकाला. बॅग शेवटपर्यंत हातात धरून होतीस, कुठे ठेवलीही नाहीस.

पण निघायच्या आधी तू स्वयंपाकघरात गेलीस. मी दाराबाहेर होतो. ही कप विसळत होती. तू तिचा उजवा हात पाण्यातून बाहेर काढलास, पदराने पुसलास आणि मनगट उलटसुलट करून बघितलंस. वाकडं बसलंय ते, पूर्ण वळत नाही. बराच वेळ धरून उभी होतीस. ही म्हणाली, "आता दुखत नाही ताई." तू मान हलवलीस आणि निघून गेलीस. रात्री हिने मला विचारलं, "सांगितलंत ना त्यांना?" मी हो म्हटलं. माझ्याशी अबोला धरेल असं वाटलं होतं. तिने नुसता दिवा मालवला.

तेव्हापासून मला झोप लागत नाही. दोन पत्रांत मी तुला खोटं लिहिलं, आणि दुसऱ्या वेळी ते झाकायला तिचं खरं बाहेर काढलं. आता अप्पा नाहीत. त्या घाटात जे झालं ते मी सोडून कुणाला माहीत नाही. म्हणून सांगतो.

मी पँट घेऊन वळलो. अप्पा पलीकडच्या कडेला होते, अस्वल त्यांच्यापासून सातआठ पावलांवर. इथवर सगळं तसंच. पण मी धावलो नाही. ओरडलोही नाही.

पाय गळाले होते असं मला तुला सांगता आलं असतं. तसं नव्हतं. मला ओरडता येत होतं. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसाशी बाहेरून बोलत राहायचं, आवाज थांबू द्यायचा नाही, हे मी पंचवीस वर्षं करतोय. हत्यारांची पेटी हाताशी होती, तिच्यावर एक पाना आपटला असता तरी ते जनावर पळालं असतं. मी काहीच केलं नाही. माझ्या मनात आलं, होऊन जाऊ दे. अगदी याच शब्दांत. होऊन जाऊ दे, मग आश्रमाचं ते दारही नको, भरतीचा तो फॉर्मही नको, ताईला फोनही नको. सगळे म्हणतील, बिचाऱ्याचं नशीब. कुणी माझ्याकडे बोट दाखवणार नाही.

किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही. अप्पांचं बोलून होईपर्यंत.

ते त्याच्याशी बोलत होते, ताई. प्रेसमध्ये एखादा मोठा लेखक आला की बोलायचे ना, जरा झुकून, हात मागे बांधून, तसे. म्हणाले, "नमस्कार. आम्ही तुमच्या वाटेत थांबलोय, माफ करा. लगेच निघतो." अस्वलाने नाक वर केलं. मग मागच्या पायांवर उभं राहिलं. अप्पांपेक्षा हातभर उंच. त्याच्या पोटावरून पाणी गळत होतं. अप्पा मागे सरले नाहीत. आवाज मात्र खाली आणला, गुपित सांगावं तसा. धुक्यात इतकं सामसूम होतं की मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"मुलगा मला ठेवायला नेतोय," ते म्हणाले. "मुलीकडे नेतोय म्हणून सांगितलंय त्याने. मला कळलंय हे त्याला कळू देऊ नका. फार कष्टी होतो तो."

अस्वल थोडा वेळ तसंच उभं राहिलं. मग धपकन खाली आलं, एकदा नाकातून फुरफुरलं, आणि वळून दरीच्या झाडीत उतरलं. खालून फांद्या मोडल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

अप्पा रस्ता ओलांडून परत आले. मी तिथेच, पँट हातात. त्यांनी ती माझ्याकडून घेतली, व्हॅनच्या आडोशाला गेले आणि स्वतः घातली. बटण स्वतः लावलं. वर्षभरात त्यांनी एकही बटण लावलं नव्हतं. मग येऊन पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चल. ताई वाट बघत असेल."

आणि मी म्हटलं, "हो अप्पा."

मला तेव्हा गाडी वळवता आली असती. रस्ता रुंद होता. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो आणि हिचं प्लास्टरमधलं मनगट डोळ्यांसमोर आणलं, मुद्दाम आणलं, आणि गियर टाकला. बरोबर केलं की चूक ते मला माहीत नाही. ठेवायला नेलं याचं मला तेवढं वाईट वाटत नाही, हे तुला कडू लागेल, पण खरं आहे. घरी ठेवलं असतं तर कुणाचा तरी जीव गेला असता. मला त्या उभं राहण्याचं वाटतं. रोज लिफ्टच्या कुठल्या तरी दारासमोर पान्याला हात घालतो आणि मध्येच हात थांबतो. माझ्या कामावरच्या जोडीदाराने परवा विचारलं, "काय झालं? उघड ना." मी म्हटलं, उघडतो.

अप्पांनी तुला सांगितलं ते खरं होतं. मी पँट हातात धरून नुसता उभा होतो. त्यांना माझं उभं राहणं दिसलं होतं. त्याचं कारणही दिसलं असेल का, हा प्रश्न मी त्यांना पाच महिन्यांत एकदाही विचारला नाही. दर रविवारी गेलो, संत्रं सोलून दिलं आणि परत आलो.

भोंग्या


१४ ऑक्टोबर

ताई,

काल तुझं पत्र आलं. मी ते जिन्यात उभं राहूनच वाचलं, आणि मग वर येऊन हिला वाचायला दिलं. तिने वाचून घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवलं.

तू मला माफ केलंस की नाही ते त्यात नाही. मी ते शोधलं, खोटं कशाला बोलू. तू लिहितेस की अस्वलाचं वाचून तू दोन दिवस पत्र समोर घेऊन बसलीस आणि तुला माझ्यावर रागावता येईना, त्याचाच राग आला. आणि मग ते दुसरं लिहिलंस. शेवटच्या वर्षात मी फोन अप्पांकडे द्यायला लागलो की तू गडबडीत आहे म्हणून ठेवून द्यायचीस, कारण एकदा त्यांनी तुला विचारलं होतं, "आपण कोण बोलताय?" मला हे माहीत होतं, ताई. गडबडीचा आवाज वेगळा असतो. मी त्याबद्दल कधी बोललो नाही आणि आताही बोलणार नाही. तू नखं कापलीस तेव्हा त्यांनी तुला ओळखलं नव्हतं, तरी तू दोन तास बसलीस. ते मी लक्षात ठेवीन.

तू एकच गोष्ट विचारलीयस. पुढे काय झालं. अप्पांना सगळं माहीत होतं, तर त्या दारात पोचल्यावर ते काय म्हणाले. तू लिहितेस, "वाईट असलं तरी सांग, बदलून सांगू नकोस." तेव्हा जसंच्या तसं सांगतो.

घाट उतरल्यावर ते झोपले. तोंड उघडं टाकून, डोकं काचेला टेकवून. मी खड्डे चुकवत चालवत होतो. पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. जागे झाले आणि आजूबाजूला बघून विचारलं, "ताई इथे राहते?" ते खरंच विसरले होते की मला सांभाळून घेत होते, हे मला आजही सांगता येत नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काही दिसलं नाही. मी म्हटलं, "आत जाऊ."

आत एक छोटं ऑफिस आहे. टेबल, दोन खुर्च्या, वजनाचा काटा. मुख्य सिस्टर आल्या, चांगली धिप्पाड बाई, गळ्यात चष्मा. त्यांनी अप्पांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "या आजोबा, तुमची खोली दाखवते." अप्पांनी हात सोडवून घेतला. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. मी उठून उभा राहिलो, त्यांना धरायला.

अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत खुर्चीत बसवलं. आणि सिस्टरांना म्हणाले, "हा माझा मुलगा. सकाळपासून गाडी चालवतोय, वाटेत फार घाबरलाय. याला आधी चहा द्या, मग माझं बघा."

सिस्टरांनी चहा मागवला. अप्पा समोरच्या खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवून. मी अर्धा कप पिऊन खाली ठेवला, तर म्हणाले, "संपव." मी संपवला. त्यांनी कपात वाकून बघितलं, तळ दिसतोय ना ते. मग उठले, स्वेटर खाली ओढला, आणि सिस्टरांच्या पुढे होऊन स्वतः आत चालत गेले.

तुझा
भोंग्या